पडद्यावरचा पाठ कोणाचा?

शाळाशाळांतून प्रोजेक्टर आले, इंटरनेट आले आणि त्यापाठोपाठ फुकट मिळणारी ऑनलाइन सादरीकरणाची साधनेही आली. परंतु वर्गात ही साधने कोणाच्या हातात असावीत, या मूळ प्रश्नाकडे शिक्षण खात्याचे आणि पालकांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शिक्षणाच्या इतिहासात १९८७ या वर्षाची नोंद दोन कारणांनी घ्यावी लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून केंद्र सरकारने त्या वर्षी 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' ही योजना सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि खडू, फळा, नकाशे, तक्ते असे किमान साहित्य मिळावे, एवढाच तिचा माफक उद्देश होता. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे होऊनही असंख्य शाळांत धड फळाही नव्हता, याची ती सरकारी कबुली होती. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फोरथॉट नावाच्या एका लहानशा कंपनीने मॅकिन्टॉश संगणकासाठी 'पॉवरपॉइंट' नावाची प्रणाली बाजारात आणली. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलर मोजून विकत घेतली. प्रणालीचे जनक रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांच्या डोळ्यांसमोर कंपन्यांच्या बैठका होत्या. आपला माल, आपली योजना वरिष्ठांच्या किंवा ग्राहकांच्या गळी उतरवणाऱ्या अधिकाऱ्याला नेटक्या पारदर्शिका करून देणे, हे तिचे काम. शाळेचा वर्ग त्यात कोठेच नव्हता.

हे दोन प्रवाह पुढे एकमेकांना येऊन मिळाले. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' योजनेची सुरुवात केली. नववीपासून पुढच्या वर्गांत डिजिटल फळे बसवणे हा तिचा हेतू. योजनेचे नावच सांगते, की फळ्याची जागा पडदा घेणार हे सरकारने गृहीत धरले होते. तथापि फळा आणि पडदा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. फळा कोरा असतो आणि त्यावर काय उमटेल हे शिक्षक व विद्यार्थी त्या क्षणी ठरवतात. पडद्यावर मात्र बहुधा आधीच तयार झालेले काही तरी येते. ते कोणी तयार केले, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, यावर त्या तासाला मुलांच्या पदरात काय पडते हे अवलंबून असते.

लोकवर्गणीतून आलेला पडदा

महाराष्ट्रात हा पडदा केवळ सरकारी आदेशाने आलेला नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळेचा प्रयोग केला आणि तो पाहायला ठिकठिकाणचे शिक्षक तेथे जाऊ लागले. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करण्याची लाटच राज्यात उसळली. गावोगावी लोकवर्गणी निघाली. कोणी प्रोजेक्टर दिला, कोणी दूरचित्रवाणी संच, कोणी संगणक. अनेक शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून पदरमोड केली. खासगी इंग्रजी शाळेकडे वळणारी मुले गावच्या मराठी शाळेत टिकावीत, ही त्यामागची खरी तळमळ होती. पडदा हा त्या शाळांसाठी शिकवण्याच्या साधनाइतकाच प्रतिष्ठेचा आणि अस्तित्वाचा प्रश्न होता.

परंतु उपकरणे आली म्हणून वापर आला असे होत नाही. 'यू-डायस प्लस' या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात देशातील ९३.६ टक्के शाळांत वीज होती, ६४.७ टक्के शाळांत संगणक होता आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. आदल्या वर्षी इंटरनेटचे हेच प्रमाण ५३.९ टक्के होते. वाढ निःसंशय मोठी आहे. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की दर तीन शाळांमागे एका शाळेत अद्याप इंटरनेट नाही. ज्या शाळांत ते आहे, तेथेही जोडणी मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत आहे की वर्गापर्यंत, हे या आकड्यांवरून कळत नाही. विजेचे बिल कोणी भरायचे, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर नवा कोठून आणायचा, शिक्षकाची बदली झाल्यावर त्याने बसवलेली यंत्रणा पुढे कोणी चालवायची, हे प्रश्न पाहणीच्या रकान्यांत बसत नाहीत. कपाटात कुलूपबंद झालेला प्रोजेक्टरही कागदोपत्री 'डिजिटल वर्ग'च असतो.

करोनाच्या साथीत हे वास्तव उघडे पडले. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. एरवी संगणकाला हात न लावणाऱ्या शिक्षकांनीही महिन्या-दोन महिन्यांत स्लाइड तयार करायला शिकून घेतले आणि त्या मुलांच्या पालकांच्या मोबाइलवर पाठवल्या. ज्यांच्या घरी तसा मोबाइल नव्हता, त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. सोलापुरातील नीलमनगर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत शिक्षकांनी यावर आपला मार्ग काढला. घरांच्या भिंतींवर त्यांनी पाठ रंगवले. मुले अंतर राखून भिंतीसमोर उभी राहत आणि वाचत. त्या भिंतींना वीज लागत नव्हती की इंटरनेट. आपल्या मुलांना काय हवे आहे हे ओळखून, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच शिक्षकांनी तयार केलेले ते सादरीकरण होते.

जुन्या प्रयोगांचा धडा

चित्राच्या साहाय्याने गोष्ट सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. एकामागून एक सरकणारी चित्रे पडद्यावर पडत आणि सोबत निवेदन चाले. आजच्या स्लाइडची पूर्वजच म्हणावी अशी ती कला होती. तेथे चित्र मुके होते आणि बोलणारा माणूस हाच खेळाचा प्राण होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे उपग्रहाचे युग आले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात भारताने अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा 'साइट' हा प्रयोग केला. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी प्रौढांसाठी. तंत्राच्या दृष्टीने तो जगाला थक्क करणारा होता. पण चार भाषांत विभागलेले कार्यक्रम शेकडो गावांच्या बोलींना आणि गरजांना कसे पुरे पडणार, हा प्रश्न उरलाच. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात मात्र वेगळी वाट धरली गेली. तेथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच अडचणींवर कार्यक्रम बनवले गेले. या खेडा प्रकल्पाला १९८४ मध्ये 'युनेस्को'चा ग्रामीण संपर्कासाठीचा पुरस्कार मिळाला. पडदा दोन्हीकडे होता. फरक होता तो पडद्यावरचा मजकूर कोण घडवतो, याचा.

हाच धागा अलीकडच्या एका उदाहरणातही दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. उदारपणाच्या या बातमीत त्यांच्या कामाचे मर्म काहीसे झाकले गेले. त्यांच्या शाळेतील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती. पुस्तकाची भाषा त्यांना परकी. डिसले यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि क्यूआर कोडच्या मदतीने ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती व स्वाध्याय पुस्तकाला जोडून दिले. क्यूआर कोडचे तंत्र कोणालाही उपलब्ध होते. त्या मुलांना नेमके काय कळत नाही, हे ठाऊक असलेला शिक्षक मात्र त्या वर्गातच होता.

स्लाइड काय गिळते?

सादरीकरणाच्या साधनांवरची सर्वांत कडक टीका आली ती २००३ मध्ये. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी पॉवरपॉइंटच्या विचारपद्धतीवर एक पुस्तिकाच लिहिली. मोठ्या विचाराचे चार-पाच शब्दांच्या तुकड्यांत विभाजन केले, की त्या तुकड्यांना जोडणारी कारणमीमांसा गळून पडते, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया अवकाशयान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या पंखाला झालेल्या इजेविषयीची धोक्याची माहिती अभियंत्यांनी ज्या स्लाइडमध्ये मांडली होती, तिच्यात ती मथळ्यांच्या आणि उपमुद्द्यांच्या उतरंडीत तळाशी जाऊन बसली होती. सविस्तर तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात स्पष्ट शब्दांत बोट ठेवले.

टफ्टी यांचा रोख शाळांकडेही होता. अहवाल किंवा निबंध लिहिण्याऐवजी लहान मुलांना जाहिरातदारांप्रमाणे स्लाइड बनवायला शिकवले जाते, आठवडाभराच्या अशा कामातून हाती लागतात ते जेमतेम ऐंशी शब्द, ही त्यांची तक्रार होती. ती आज महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या 'प्रकल्पां'नाही लागू पडते. 'पाणी वाचवा' या विषयावर विद्यार्थ्याने आणलेल्या सादरीकरणात नळाचे चित्र असते, थेंबाचे चित्र असते आणि चार घोषणा असतात. आपल्या गावाला पाणी कोठून येते, उन्हाळ्यात ते का आटते, टँकर कधी लागतो, यातील एकही वाक्य नसते. मूल लिहायला बसले असते तर 'कारण' हा शब्द त्याला कोठे तरी वापरावाच लागला असता. स्लाइडमध्ये तो टाळता येतो.

शिकवण्याच्या बाजूनेही हाच धोका आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा एक व्यावहारिक निष्कर्ष असा, की मनाची एका वेळी माहिती पेलण्याची क्षमता मर्यादित असते. चित्र आणि बोलणे एकमेकांना पूरक ठरतात. पण पडद्यावर लिहिलेली वाक्ये शिक्षक तशीच मोठ्याने वाचू लागले, की डोळे आणि कान एकाच मजकुरावर अडकतात आणि समज वाढण्याऐवजी घटते. नेमकी हीच पद्धत आपल्या वर्गांत, प्रशिक्षणांत आणि कार्यशाळांत सर्वाधिक रूढ आहे. पॉवरपॉइंटने शिकवलेले आणि त्याविना शिकवलेले विद्यार्थी यांची तुलना करणारे ४८ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी सरासरी काढली, तेव्हा दोन्ही गटांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. म्हणजे साधन स्वतः होऊन काही शिकवत नाही आणि काही बिघडवतही नाही.

गणिताच्या तासाचे उदाहरण घ्यावे. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता फळ्यावर उतरते ती हाताच्या गतीने. शिक्षक एक ओळ लिहितात, थांबतात, 'आता पुढे काय?' असे विचारतात. कोणी चुकीचे उत्तर दिले तर तेही लिहून पाहता येते आणि मग पुसता येते. स्लाइडवर मात्र सिद्धता तयारच येते आणि चुकायला जागाच उरत नाही. याउलट रक्ताभिसरण, ग्रहण, सूक्ष्मदर्शकाखालची पेशी किंवा उपग्रहातून दिसणारी कोकणची किनारपट्टी दाखवायची असेल, तर खडूने काढलेल्या आकृतीपेक्षा पडदा कितीतरी सरस ठरतो. कोणत्या पाठाला पडदा हवा आणि कोणत्या पाठाला फळा, हे ठरवण्याचा अधिकार आणि सवड शिक्षकाला असली पाहिजे. 'रोज दोन तास डिजिटल' अशा वेळापत्रकाने तो अधिकार काढून घेतला जातो.

एका फाइलवर अनेक हात

येथवरची टीका जुन्या, एकाने दाखवायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे अशा सादरीकरणाला लागू आहे. ऑनलाइन साधनांनी त्यात एक खरोखरीची नवी गोष्ट आणली, आणि तिची चर्चा मात्र फार कमी होते. गुगलने सप्टेंबर २००७ मध्ये आपली सादरीकरणाची सेवा इंटरनेटवर सुरू केली. २००९ मध्ये हंगेरीतील बुडापेस्टमधून 'प्रेझी' आले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील 'कॅनव्हा'सारख्या सेवांनी शाळांना आपली दारे फुकट उघडली. या सेवांमध्ये एकच फाइल अनेकांना एकाच वेळी उघडता येते, तीत लिहिता येते आणि दुसऱ्याने काय लिहिले हे त्याच क्षणी दिसते. फळ्यापाशी एका वेळी एक मूल उभे राहू शकते. येथे सबंध वर्ग एकदम 'फळ्यापाशी' येऊ शकतो.

सातारा जिल्ह्यातील एखाद्या शाळेत पर्जन्यछायेचा पाठ असा घेता येईल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. तयार स्लाइड हे दोन आकडे आणि एक बाण दाखवून मोकळी होते. त्याऐवजी वर्गाचे चार गट करावेत आणि शिक्षकाने एक कोरी सामायिक फाइल उघडून द्यावी. एका गटाने नकाशावर सह्याद्रीची रांग आणि वाऱ्याची दिशा दाखवावी. दुसऱ्याने डोंगराचा उभा छेद काढून ढग कोठे चढतो आणि कोठे कोरडा होतो हे मांडावे. तिसऱ्याने तालुकावार पावसाच्या आकड्यांचा स्तंभालेख करावा. चौथ्याने पश्चिमेकडे भात-नाचणी आणि पूर्वेकडे ज्वारी-बाजरी का, याचे उत्तर घरातील शेतकऱ्यांना विचारून लिहावे. मग प्रत्येक गटाने दुसऱ्याच्या स्लाइडखाली एक प्रश्न नोंदवावा. कोणाचा डोंगर उलट्या बाजूला आहे, कोणाच्या आकड्यांत चूक आहे, हे शिक्षकाला तास संपण्यापूर्वी कळते. चौथ्या गटाने आणलेली माहिती कोणत्याही कंपनीच्या तयार पाठात मिळणार नाही. आणि ती आणणारे मूल कदाचित वर्गात एरवी गप्प बसणारे असेल.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती संगणक लागत नाही. चार गटांना चार जुने संगणक किंवा शाळेतले चार टॅब पुरतात. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता आणि ५७ टक्के मुलांनी काही शैक्षणिक कामासाठी. मुलांना पडदा हाताळायला शिकवण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. त्या पडद्यावर आपले म्हणणे पुराव्यासह मांडायला शिकवण्याची गरज मात्र पुरेपूर आहे.

'ल' आणि 'श' यांचे काय?

मराठी शाळांपुढे आणखी एक अडचण आहे आणि ती साधनांच्या चर्चेत सहसा येत नाही. दोन हजारच्या दशकात मराठी शिक्षकाने मेहनतीने तयार केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली, की तो विशिष्ट फॉण्ट तेथे नसल्यामुळे अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसत. युनिकोडने हा प्रश्न सोडवला आणि ऑनलाइन साधनांत मराठी लिहिणे, शोधणे, दुसऱ्याला पाठवणे शक्य झाले. हा लाभ लहान नव्हे.

पण लिपीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि लेखनाची वळणे निश्चित केली. त्यानुसार मराठीतला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. अनेक प्रचलित फॉण्ट मात्र ही अक्षरे हिंदीच्या वळणाने दाखवतात. पहिलीतले मूल पाठ्यपुस्तकात एक 'ल' गिरवते आणि पडद्यावर दुसराच पाहते. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. अक्षरओळख नुकतीच होत असलेल्या मुलाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटू शकतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतील 'ऱ्य' नीट न उमटणे, जोडाक्षरे फुटणे हे प्रकारही नवे नाहीत. शाळांसाठी मराठी वळणाचे, मुक्तपणे वापरता येणारे फॉण्ट आणि ते या साधनांत कसे आणावेत याची साधी माहितीपत्रिका, हे काम 'बालभारती' आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या आवाक्यातले आहे. त्याला फार खर्चही येणार नाही.

भाड्याच्या घरातील संसार

फुकट मिळणाऱ्या साधनांवर विसंबण्याचा धोका गेल्या काही वर्षांत दोनदा अनुभवाला आला. 'फ्लॅश' या तंत्राला अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी मूठमाती दिली आणि त्यावर आधारलेले शिक्षणाचे असंख्य सजीव आलेख व खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाले. टाळेबंदीत जगभरातील शिक्षकांनी जवळ केलेला गुगलचा 'जॅमबोर्ड' हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. कंपनीने वर्षभर आधी सूचना दिली होती हे खरे, पण शिक्षकांनी घडवलेले पाठ दुसरीकडे नेण्याचा व्याप शिक्षकांच्याच माथी आला. कंपनीला ज्यात नफा दिसत नाही, ते ती बंद करणारच. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपला संसार दुसऱ्याच्या घरात मांडला आहे, हे भान मात्र शाळेने ठेवले पाहिजे. प्रत्येक पाठाची एक प्रत पीडीएफसारख्या साध्या रूपात शाळेच्या स्वतःच्या साठ्यात ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

मुलांच्या माहितीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हे तत्त्व स्वीकारले आहे. प्रत्यक्षात मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, कधी कधी मोबाइल क्रमांकही एखाद्या परक्या सेवेत सहज भरला जातो. वर्गासाठी शिक्षकाने आपल्या खात्यातून फाइल उघडून द्यावी, मुलांची नावे न घेता गटाच्या नावाने काम व्हावे, एवढी साधी शिस्तही पुष्कळ हानी टाळू शकते. 'युनेस्को'ने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात, शिक्षणातील तंत्रज्ञान हे साधन कोणाच्या अटींवर वापरले जात आहे, असा थेट प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मंत्रालयाप्रमाणेच प्रत्येक शाळेलाही द्यावे लागणार आहे.

यंत्राने केलेला गृहपाठ

आता तर एका ओळीची आज्ञा देताच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दहा-बारा स्लाइडचे चकचकीत सादरीकरण मिनिटभरात तयार होते. चित्रे सुबक, मथळे नेटके, भाषा बऱ्यापैकी मराठी. या सोयीने शाळांची एक जुनी सवय उघडी पाडली आहे. सादरीकरण करून आणणे हाच प्रकल्प आणि त्याच्या देखणेपणाला गुण, अशी जेथे रीत होती, तेथे आता गुण यंत्राला द्यावे लागतील. पूर्वी ते सायबर कॅफेवाल्याला किंवा थोरल्या भावाला मिळत, एवढाच फरक.

यावर बंदी हा उपाय नाही आणि ती पाळलीही जाणार नाही. मूल्यमापन कशाचे करायचे, हे बदलणे हाच मार्ग आहे. फाइल पाहून गुण देण्याऐवजी विद्यार्थ्याला पडद्यासमोर उभे करून दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोठून आणलास? हे असेच का, दुसरे का नाही? यंत्राने केलेले सादरीकरण असेल तर त्यातील तीन चुका शोधून आणायला सांगाव्यात. आधी पानभर सलग लिहून आणावे आणि मगच त्याच्या स्लाइड कराव्यात, हा नियमही उपयोगी ठरेल. त्यामुळे वाक्ये जुळवण्याची, कारणे देण्याची सवय मोडणार नाही. स्लाइड हा लेखनाचा सारांश राहील, त्याला पर्याय होणार नाही.

शिक्षकाला वेळ द्या

हे सर्व करणार कोण? अर्थातच शिक्षक. आणि येथेच धोरणाची खरी कसोटी आहे. चांगला पाठ स्वतः घडवायला वेळ लागतो. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज भरावयाची ऑनलाइन माहिती यांतून तो वेळ उरत नाही. मग शिक्षक तयार पाठांकडे वळतात आणि बाजार ते पुरवायला उभाच असतो. केंद्राने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'दीक्षा' या मंचावर शिक्षकांनीच तयार केलेले साहित्य मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून तेथे पोहोचताही येते. परंतु ते साहित्य केवळ दाखवण्यासाठी नसून उघडून, बदलून, आपल्या गावाची उदाहरणे घालून वापरण्यासाठी आहे, ही दृष्टी प्रशिक्षणांतून क्वचितच दिली जाते. खुद्द ती प्रशिक्षणेच शब्दांनी खच्चून भरलेल्या स्लाइड वाचून दाखवत उरकली जातात, तेव्हा शिक्षकाने वर्गात वेगळे काही करावे ही अपेक्षा कशी धरायची?

म्हणून शिक्षण विभागाने किती वर्ग डिजिटल झाले याची मोजदाद आता पुरे करावी. किती शिक्षकांना आठवड्यातून दोन तास पाठ घडवण्यासाठी मोकळे मिळतात, किती शाळांत मुलांनी स्वतः तयार केलेले काम पडद्यावर येते, शाळेच्या वीज आणि इंटरनेटच्या बिलाची तरतूद कोठे आहे, याची नोंद सुरू करावी. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांत तयार पाठ वाटण्याऐवजी शिक्षकांनी आपले पाठ एकमेकांपुढे मांडून त्यांची चिकित्सा करावी. केंद्रप्रमुखांनी शाळेला भेट देताना पडदा चालू आहे की नाही एवढे पाहून पुढे जाऊ नये. पडद्यावरच्या पाठात त्या गावातील मुलांचे काय आहे, हे विचारावे.

ऑपरेशन ब्लॅकबोर्डला जवळपास चार दशके होत आली. त्या वेळी शाळेला फळा देताना त्यावर काय लिहायचे हे कोणी ठरवून दिले नव्हते, तो भरवसा शिक्षकावर टाकला होता. पडदा देताना तोच भरवसा टिकवला नाही, तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून आणलेल्या प्रोजेक्टरवर दूरच्या शहरात बनलेला एकच पाठ परितेवाडीपासून पष्टेपाड्यापर्यंत सारखाच दिसत राहील. आणि मराठी शाळा वाचवण्यासाठी ज्यांनी ती वर्गणी दिली, त्यांची मुले पुन्हा एकदा केवळ प्रेक्षक होऊन बसतील.